वाचनकक्ष, सकाळी सहा ते नऊ

काल कूलर दुरुस्त करणारा येऊन जाळ्यांत नवा वाळा भरून गेला. पहिले पाणी पडले, ओल्या वाळ्याचा वास खोलीभर झाला आणि मी लिहीत असलेले पत्र अर्ध्यावर टाकून उठलो. पत्र तसे निकडीचे होते. आमच्या घराजवळच्या शाळेत दहावीचे परीक्षा केंद्र आहे. तिच्या फाटकाजवळ शांतता क्षेत्राचा फलक आहे. आणि त्याच फलकाच्या खांबाला दोरी बांधून कोणी तरी लग्नाचा ध्वनिक्षेपक टांगला आहे. या एका दृश्यात कायद्याचा किती प्रकारे भंग होतो, ते मी क्रमवार मांडत होतो. तिसऱ्या मुद्द्यावर असताना तो वास आला. चौथा मुद्दा अजून लिहून झालेला नाही.

मला राग येतो. सत्तरी उलटली तरी येतो. घरचे म्हणतात, आता तरी सोडा. मी सोडत नाही, कारण ज्यांनी सोडले त्यांच्यामुळेच हे शहर असे झाले, असे माझे मत आहे. पाठवलेल्या पत्रांच्या स्थळप्रती मी जपून ठेवतो. कपाटात त्यांच्या एकोणीस फायली आहेत. त्यांतल्या अठरा मी कोणापुढेही, केव्हाही उघडीन आणि प्रत्येक ओळीचे समर्थन करीन. एक फाईल उघडत नाही. ती या ऋतूची आहे.

नागपुरात परीक्षेचा ऋतू आधी नाकाला कळतो. थंडी पुरती गेलेली नसते, तोच दुपारच्या वेळी डांबर मऊ पडू लागते. भिवापूरकडच्या लाल मिरचीची पोती भरलेल्या गाड्या बाजाराकडे जातात आणि त्यांच्या मागून जाणारा प्रत्येक सायकलस्वार शिंकतो. काटोलची संत्री शेवटच्या टप्प्यात येतात, गोड आणि सैल सालीची. कडुलिंब पाने टाकतो आणि त्याच आठवड्यात तांबूस पालवी धरतो, जणू दोन्ही कामांचा निकाल एकाच तारखेला लावायचा आहे. माझ्यापुरता या ऋतूला आणखी एक वास जोडलेला आहे, ताज्या चिरलेल्या सागवानाचा. ज्या शाळेत मी ग्रंथपाल म्हणून सव्वीस वर्षे काढली, ती लकडगंजच्या मागच्या अंगाला होती. आमच्या ग्रंथालयाच्या आठ खिडक्यांपैकी पाच खिडक्या लाकडाच्या वखारींकडे उघडत. सकाळी नऊला समोरची आरागिरणी सुरू झाली की संध्याकाळपर्यंत पुस्तकांवर भुसा बसत राही. नऊच्या आधी मात्र तिथे इतके शांत असे की एका टेबलावर उलटलेले पान दुसऱ्या टेबलावर ऐकू येई.

शाळेच्या ग्रंथपालाची शाळेत फारशी गणती नसते. शिक्षक त्याला शिक्षक मानत नाहीत आणि कार्यालयातले लोक आपला मानत नाहीत. नवे पुस्तक आले की दाखल नोंदवहीत त्याला क्रमांक द्यायचा, ठरलेल्या आतल्या पानावर शिक्का मारायचा, पाठ उसवलेली पुस्तके बांधणीला पाठवायची, हरवलेल्यांचा शोध घ्यायचा. मधल्या सुट्टीत मुले येत, पण पुस्तकासाठी क्वचित. मुलगे वर्तमानपत्राचे क्रिकेटचे पान एकाच वेळी चौघे धरत आणि ते चार दिशांनी फाटे. मुली खिडकीशी उभ्या राहून डबा खात आणि मी वळलो की डबा जाड शब्दकोशामागे जाई. कोणत्या वर्गात कोणी कोणाची वही लपवली, कोणत्या सरांनी आज नवी पँट घातली, याचे सर्व निवाडे त्या खिडकीत होत. मी टेबलावर पेन आपटून शांततेचा नियम वाचून दाखवी. तो नियम मीच लिहिला होता. संध्याकाळच्या वर्गांना बसून मी कायद्याची पदवी घेतली होती. वकिली कधी केली नाही, पण ती हौस ग्रंथालयावर भागवून घेतली होती. वीस नियमांचा तक्ता काचेत मढवून दारामागे लावला होता. मुले मला कलम सर म्हणत. हे मला कळलेले नाही, असे त्यांना वाटत असे.

त्या वर्षी, म्हणजे वीसएक वर्षांपूर्वी, डिसेंबर अखेरीस कचऱ्याच्या टोपलीत संत्र्याची साले सापडू लागली. संध्याकाळी पाचला ग्रंथालय मी स्वतः बंद करत असे. मी दहाला आलो की साले ओली असत, म्हणजे सकाळची. एक दिवस साडेसहालाच गेलो. दार उघडे होते. आत दोन्ही लांब टेबलांवर दहावीच्या अकरा मुली स्वेटर आणि स्कार्फ गुंडाळून वाचत बसल्या होत्या, आणि शेवंताबाई त्यांना पाय वर घ्यायला लावून टेबलाखालचा केर काढत होती. शेवंताबाई ही आमची ग्रंथालय परिचर. झाडलोटीसाठी ती भल्या सकाळी येई, म्हणून एक किल्ली तिच्याकडे असे.

मला पाहून मुली उभ्या राहिल्या. शेवंताबाईचा झाडू थांबला नाही.

"हे कोणाच्या परवानगीने?" मी विचारले.

"पोट्ट्या अभ्यास करून राहिल्या जी," ती वाकूनच म्हणाली. "काही सिनेमा पाहून राहिल्या का? या पोरीईले घरी जागा नाही. ही कल्पना पाहा. हिच्या भिंतीले लागून पावरलूम आहे. पाच वाजल्यापासून खटखट, खटखट. तुमी एक दिवस बसून पाहा तिथं. तुमचे वीसचे वीस नियम इसरून जासान."

एका मुलीला हसू आले आणि तिने वही तोंडावर धरली. तीच कल्पना. विणकरांच्या घरची, आजोबांपर्यंत हातमाग होता, वडील मालवाहू ऑटो चालवत. पहिल्या खेपेत दहावी निघाली तर पुढे शिकवतो, नाही तर उमरेडला आत्याच्या दुकानात पाठवतो, असे त्यांनी तिला सांगून ठेवले होते. ते दुष्ट गृहस्थ नव्हते. घरात आणखी तिघे शिकायचे होते आणि त्यांना कुठे तरी रेघ ओढणे भाग होते. बाकीचे विषय तिला जमत. भूमिती जमत नसे. हे सगळे मला त्याच आठवड्यात समजले, कारण दुसऱ्या दिवसापासून मीही सातला जाऊ लागलो.

तो जानेवारी मी विसरू शकत नाही. सव्वीस वर्षांच्या नोकरीत आपण खरोखर ग्रंथपाल होतो असे मला ज्या दिवसांबद्दल म्हणता येते, ते एवढेच. खिडक्यांच्या काचांवर आतून वाफ धरलेली असे. शेवंताबाई किटलीतून चहा आणी आणि मुली तो डब्यांच्या झाकणांत घेत. कोणी कपाटांच्या मधल्या बोळात फेऱ्या मारत इतिहास पुटपुटे. एक जण भिंतीकडे तोंड करून बसे, कारण समोर मैत्रीण दिसली की तिला हसू येई. संत्री वर्तमानपत्रावर सोलली जात आणि पुस्तकाला हात लावण्याआधी प्रत्येक जण बोटे ओढणीला पुसत असे. हा नियम माझ्या तक्त्यात नव्हता. तो त्यांनी आपसात केला होता आणि माझ्या वीस नियमांपेक्षा त्याचे पालन अधिक काटेकोर होत होते.

कल्पना एकदा प्रमेय घेऊन माझ्याकडे आली. भूमिती माझाही विषय नव्हे, पण पक्ष, साध्य, रचना, सिद्धता हे शब्द पाहून मला बरे वाटले. मी तिला म्हणालो, हा खटला आहे असे समज. पक्ष म्हणजे जे दोन्ही बाजूंना मान्य आहे ते. साध्य म्हणजे आपली मागणी. आता एक एक वाक्य लिही, आणि कारण दिल्याशिवाय पुढच्या वाक्यावर जाऊ नकोस.

"म्हणजे तुमच्यासारखं," ती म्हणाली. "पानी मांगाले बी कारण लिहाचं."

टेबलभर मुली हसल्या. मीही हसलो असेन. पण त्यानंतर ती रोज एक प्रमेय लिहून माझ्यापुढे ठेवू लागली आणि जानेवारी संपता संपता तिच्या सिद्धता शेवटच्या ओळीपर्यंत पोचू लागल्या. मुख्याध्यापिका बाई साडेआठला शाळेत येत आणि आमच्या दारावरून जाताना न चुकता समोरच्या भिंतीवरचा सूचना फलक वाचत. त्या फलकावर सुट्ट्यांच्या यादीशिवाय महिनाभर नवे काही लागले नव्हते.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात वाऱ्याने एका खिडकीचे दार आपटले. काच फुटली आणि एका मुलीच्या मनगटाला कापले. जखम लहान होती. शेवंताबाईने डब्यातली हळद दाबली, आपल्या पदराची पट्टी बांधली आणि मुलगी पुन्हा वाचायला बसली. त्या खोलीत त्या दिवशी फक्त एका माणसाचे चित्त थाऱ्यावर नव्हते. मी घरी गेलो आणि विचार करू लागलो की उद्या काच मनगटाऐवजी डोळ्यात गेली तर जबाबदार कोण? परवानगीविना दार उघडणारी शेवंताबाई. तिची नोकरी जाईल आणि तिच्या बाजूने एक चिटोरा पुरावा नसेल. सबब, ही व्यवस्था अधिकृत करून घेणे तिच्या आणि मुलींच्या हिताचे आहे. हा तर्क आजही मला कुठे चुकलेला दिसत नाही. मी रात्रीतून चार पानी अर्ज लिहिला: वाचनकक्ष सकाळी सहा ते नऊ विद्यार्थिनींसाठी खुला ठेवण्यास मान्यता मिळावी, आणि परिचर यांच्या या जादा सेवेची दखल घेतली जावी. लिहून झाल्यावर तो दोनदा मोठ्याने वाचला. खरे सांगायचे तर त्याच्या भाषेवर मी खूश होतो.

मुख्याध्यापिका बाईंनी अर्ज वाचला, घडी घातली आणि परत माझ्याकडे सरकवला.

"हे तुम्ही दिलं नाही आणि मी पाहिलं नाही," त्या म्हणाल्या. "घेऊन जा."

"बाई, मला पोच हवी आहे."

"सर, नीट ऐका. आज मला कोणी विचारलं तर मला माहीत नाही असं मी सांगू शकते. यावर आवक शिक्का बसला की मला माहीत असतं. मग संस्थेकडे पाठवावं लागतं. संस्थेत गेलं की काय होतं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय. परीक्षेला एक महिना राहिला. मार्च संपल्यावर द्या, मी स्वतः शिफारस लिहीन."

"अपघात मार्च संपेपर्यंत थांबेल असं आपण लिहून द्या. मी थांबतो."

बाईंनी शाईची गादी पुढे ओढली. "तुमचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "तेच वाईट आहे." आणि त्यांनी शिक्का उचलला. पुढे मला कळले की दोन दिवस त्यांनी अर्ज टेबलाच्या खणात ठेवला होता, मी मागे घेईन म्हणून. तिसऱ्या दिवशी मी स्मरणपत्र दिले.

संस्थेच्या सचिवांचे उत्तर आठ दिवसांत आले. त्यांनी अर्जाला माझाच नियमांचा तक्ता जोडला होता आणि नियम सातखाली तांबडी रेघ मारली होती: ग्रंथालय केवळ शालेय वेळेत उघडे राहील. सकाळचा वापर तात्काळ बंद करावा, परिचराकडील किल्ली कार्यालयात जमा करावी, आणि परवानगीविना ग्रंथालय उघडल्याबद्दल तिच्याकडून खुलासा मागवावा. मला त्यांनी भेटायला बोलावले. दुसरी किल्ली माझ्याकडे होती. ती मी टेबलावर ठेवली. त्यांनी ती बोटाने परत ढकलली.

"तुमच्याकडची राहू द्या," ते म्हणाले. "तुम्ही काही नियमाबाहेर पाऊल टाकणारे नाही."

हे ऐकून मला त्या क्षणी अभिमान वाटला होता. तो अभिमान आठवला की आजही रागाने माझे कान तापतात.

शेवंताबाईने नोटीस उलटसुलट करून पाहिली. "मले वाचवाले गेले," ती म्हणाली, "अन् कागद मलेच आला."

"मी उत्तर लिहून देतो. काही होणार नाही तुम्हाला."

"नाही होनार जी. तुमी लिहसान तं चांगलंच लिहसान." ती भिंतीला टेकून उभी होती. "वीस वर्सं झाली मले इथं. कोनी झाडू देल्ला, कोनी फडकं देल्लं. कागद कोनी नव्हता देल्ला. आता सांगा, सही कुठं करू?"

मी दोन पानी खुलासा लिहिला. तो इतका मुद्देसूद होता की संस्थेने प्रकरण तिथेच मिटवले. तिने खाली सही केली आणि त्या दिवसापासून ती साडेनऊला येऊ लागली.

मुलींना मात्र कोणी कागद दिला नव्हता. त्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला नेहमीप्रमाणे आल्या आणि बंद दारापुढे उभ्या राहिल्या. मी सातला पोचलो तेव्हा त्या रस्त्यापलीकडच्या वखारीत सागवानाच्या खोडांवर बसून वाचत होत्या. दवाने खोडे ओली होती, म्हणून त्यांनी दप्तरे खाली घेतली होती आणि पुस्तके मांडीवर. नऊला आरागिरणी सुरू झाली की वखारीचा चौकीदार त्यांना उठवी. मी रोज त्यांच्यासमोरून जात असे आणि कल्पना रोज विचारत असे.

"सर, आली का जी परवानगी?"

"विचाराधीन आहे."

"म्हणजे काय?"

"म्हणजे विचार चालू आहे."

"मंग आमच्यासारखंच हाये," ती म्हणाली. "मी बी तिकोनाचा विचारच करून राहिली. घरी मांडाले बसली का तो पावरलूम सारे कोन हालवून टाकते."

दुसरी म्हणाली, "सराईले विचारू नको वं. ते वरच्या कोर्टात गेले आहेत." आणि त्या हसल्या. त्या हसत होत्या यावर मी समाधान मानले. अकराच्या नऊ झाल्या, नऊच्या सहा. फेब्रुवारी संपताना ऊन सातलाच चटका देऊ लागले आणि खोडांवर तिघी उरल्या. कल्पना शेवटपर्यंत होती.

मी स्वस्थ बसलो होतो असे कोणी म्हणू नये. सचिवांच्या आदेशाविरुद्ध मी कार्यकारी मंडळाकडे अपील केले. नियम सात हा वाचकांच्या हितासाठी आहे, वाचकांविरुद्ध त्याचा अर्थ लावता येत नाही, असा युक्तिवाद केला. परीक्षा संपेपर्यंतच्या पाच आठवड्यांत मी चौदा पत्रे पाठवली. घरी लिहायला निवांतपणा नव्हता, म्हणून ती मी सकाळी सात ते नऊ या वेळात ग्रंथालयात बसून लिहीत असे. माझ्याकडच्या किल्लीने मी दार उघडी, आत जाई आणि आतून कडी लावून घेई. ग्रंथपालाला आपल्या कक्षात कामासाठी जाण्याची मुभा होती. नियम चार, पोटनियम दोन.

कडी न लावणे एवढेच मला करायचे होते. कोणी पाहिले असते? बाईंनी सूचना फलक वाचला असता. चौकीदाराला सुटल्यासारखे वाटले असते. सचिव सकाळी कधी येत नसत. पण दाद मागणाऱ्याचे हात स्वच्छ असले पाहिजेत, असे कायदा सांगतो, आणि ज्या आदेशाला आपण आव्हान दिले आहे तोच मोडला तर अपील दुबळे होते. माझे अपील भक्कम राहावे म्हणून कडी लावलेली राहिली. आतमध्ये अकरा मुलींच्या दोन टेबलांपैकी एकावर मी बसत असे आणि विद्यार्थिनींचा अभ्यासाचा हक्क या विषयावर लिहीत असे.

मार्चमध्ये परीक्षा झाली. वर्गांत नवा वाळा भरलेले कूलर आणून ठेवले होते आणि त्या वासात, पंख्यांच्या आवाजात तीन तासांच्या पाळ्या पार पडल्या. भूमितीच्या पेपरच्या दिवशी मी पाण्याच्या माठाजवळ उभा होतो. कल्पना बाहेर आली, ओंजळीने पाणी प्यायली आणि मला म्हणाली, "शेवटची सिद्धता अर्धी राहिली जी. कारणं लिहिता लिहिता टाइम गेला." त्यात तक्रार नव्हती. तिने फक्त वस्तुस्थिती सांगितली.

जूनमध्ये निकाल लागला. ती भूमितीत गेली. जुलैत माझे अपील मंजूर झाले.

तो आदेश मी पाठ म्हणून दाखवू शकतो. वाचनकक्ष सकाळी सहा ते नऊ खुला राहील. त्यासाठी विद्यार्थिनीचा अर्ज, ओळखपत्र, पालकांची लेखी संमती आणि ग्रंथपालाची उपस्थिती आवश्यक राहील. संमतीपत्राचा नमुना तयार करण्याचे काम माझ्यावरच सोपवले गेले आणि तो मी निर्दोष तयार केला. नव्या दहावीच्या मुलींना वाटला. चारच परत आले, तेही कोरे. एका मुलीचे वडील स्वतः येऊन भेटले.

"सर, पोरगी सकाळी शाळेत जाऊन वाचते, एवढं आयकलं असतं तं मी काही म्हटलं नसतं," ते म्हणाले. "पन तुमी सही मागून राहिले. म्हणजे उद्या काही झालं तं जिम्मेदारी माही. मंग काहून पाठवू?"

मला मुख्याध्यापिका बाई आठवल्या. या माणसाने त्यांना कधी पाहिलेही नव्हते आणि तो त्यांचेच वाक्य बोलत होता. तोंडी हो म्हणणारी माणसे सही मागितली की सावध होतात. कायद्याच्या वर्गात हे कोणी शिकवले नव्हते, आणि ज्यांना हे न शिकता कळत होते त्यांना मी अडाणी समजत आलो होतो. आदेशाचा मान राखायचा म्हणून मी आणि शेवंताबाई वर्षभर रोज सहा ते नऊ त्या कक्षात बसलो. हजेरीचा तक्ता मी नियमितपणे भरत असे. उपस्थिती, निरंक. उपस्थिती, निरंक. शेवंताबाई खुर्चीत बसून तांदूळ निवडायची. वर्ष संपल्यावर कोणी न सांगता ते बंद पडले. त्यासाठी अर्ज लागला नाही.

या प्रकरणात मी स्वतःची बाजू पुष्कळदा मांडून पाहिली आहे. कारण आणि परिणाम यांचा थेट संबंध सिद्ध व्हावा लागतो. कक्ष उघडा असता तरी ती नापास झाली असती. पावरलूम मी सुरू केलेला नव्हता. आदेश सचिवांचा होता, माझा नव्हे. कोणतेही न्यायालय मला संशयाचा फायदा देईल. सचिवांवर मी अनेक वर्षे मनसोक्त रागावलो आणि त्या रागाचा मला उपयोगही झाला. तो संपला असता तर माझ्या वाट्याला माझ्याशिवाय कोणी उरले नसते. शेवंताबाईच्या निवृत्तीच्या दिवशी मी तिला बाजूला घेऊन म्हणालो, तुमच्याशी मला एका गोष्टीबद्दल बोलायचे आहे. तिने माझ्या खिशातल्या पेनाकडे पाहिले. "बोला ना जी," ती म्हणाली. "लिहून नका देऊ फक्त." मग हारतुरे घेऊन लोक आले आणि ते बोलणे राहिले. आता ती नाही.

पंधरा दिवसांपूर्वी एका जमिनीच्या कागदासाठी मला उमरेडला जावे लागले. तहसील कार्यालयासमोर झेरॉक्सची दुकाने आहेत. त्यांतल्या एका दुकानात मी सातबारा पुढे केला आणि प्रत्येक पानाच्या दोन प्रती, बाजू न कापता, असे सांगितले. आतल्या बाईंनी कागद घेतला, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "कलम सर ना जी तुमी?"

मी तिला ओळखले नसते. केसांत पांढरी बट होती आणि चष्मा होता. तिनेच सगळे सांगितले. ऑक्टोबरला भूमिती निघाली. मग आत्याच्या दुकानातच राहिली, बारावी इथूनच बाहेरून दिली, इथेच लग्न झाले. दुकान नवऱ्याचे आणि तिचे. मुलगी यंदा दहावीला आहे. मी घाईने विचारले की तिला अभ्यासाला जागा आहे ना. "आहे ना जी," ती म्हणाली. "वरच्या माळ्यावर खोली काढून देल्ली तिले. दार लावून बसते. जेवाले बोलावलं तं चिडते."

म्हणजे माझ्याकडून तिला काही नको होते. तिचे आयुष्य मी बिघडवले, असेही मला म्हणता येत नव्हते. तरी वीस वर्षे जे बोलायचे राहिले होते ते मी बोलायला लागलो, आणि सवयीने क्रमवार बोलायला लागलो. पहिले, तो अर्ज मी द्यायला नको होता. दुसरे, बाई म्हणाल्या तेव्हा मागे घ्यायला हवा होता. तिसरे, माझ्याकडे किल्ली होती. मी रोज आत बसत होतो.

"माहीत आहे ना," ती म्हणाली. यंत्राचे झाकण उघडून तिने दुसरे पान ठेवले. "तिसऱ्या खिडकीतून दिसत होते तुमी."

"तुम्ही पाहत होता?"

"रोज पाहो. खोडावर बसलं का समोरच दिसत. मान खाली, पेन चालूच." ती हसली. "त्या पोट्ट्या लय बडबड करत जी. मी त्याईले दाबो. म्हनो, चूप बसा वं, सर आपल्यासाठी लिहून राहिले. त्याईले तरास नोको. मंग कोनीच नव्हतं बोलत. नऊ वाजेपर्यंत."

तिने चारही प्रती जुळवल्या, कोपऱ्याला टाचणी मारली आणि माझ्या हातात दिल्या. माझ्यामागे तीन मुली हॉल तिकिटाच्या प्रती काढायला उभ्या होत्या. मी बाजूला झालो.